आप्पांनी मोजलेल्या शिटा

मंगळवार, १२ फेब्रुवारी २००२

१. वैमानिकाच्या परवान्यासाठी लागणारे एकटीच्या उड्डाणाचे शंभर तास काल पूर्ण झाले.
२. ते पूर्ण नाहीत, हे आज आप्पांनी दाखवले.
३. पन्नास मिनिटे कमी. चूक माझी.

आप्पा, माझे वडील, एसटीचे निवृत्त कंडक्टर. मी उडते तेव्हा सायखेड्याहून येतात, धावपट्टीच्या कुंपणाशी उभे राहून वहीत वेळ लिहितात. आज ती वही माझ्या लॉगबुकाशी ताडून पाहताना त्यांनी एका ओळीवर बोट ठेवले.

"पोरी, या दिवशी आत दोन शिटा व्हत्या."

बसमधल्या प्रवाशासारखे माणसाला ते अजून शीटच म्हणतात. पण खरे होते. शेजारी उड्डाण शिकवणारे सर होते, आणि ते उड्डाण मी एकटीच्या रकान्यात लिहिले.

सरांना सांगितले, तर हसले. "वडिलांना तपासनीस नेमू या. रविवारी पन्नास मिनिटं उडून घे, मग अर्ज पाठवू."

आप्पांना मात्र लागले. "माझ्या तोंडानं अर्ज अडला तुझा. आता नाय येत मी."

 पहिल्या वळणावर मी आधी कुंपणाकडे बघते, एवढे तरी त्यांना सांगायला हवे होते. दोन शिटा! इतक्या खालून आजवर कोणी माझ्याकडे इतके नीट पाहिले आहे?

उद्या सायखेड्याला चिठ्ठी पाठवते. मजकूर एवढाच:

आप्पा, रविवारी सकाळी आठला उडणार आहे. आत एकच शीट असेल. मोजायला याल का? शुक्रवारपर्यंत कळवा.