अंगठा नसलेली पाटी

राज्यवर्ष पहिले, राजवाडा

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी कंबर आता दुखायची थांबली असेल. माझं छान चाललंय. राजवाड्यात लेखनिक झाल्यापासून दोन वेळचं गरम मिळतं, खोलीला खिडकीसुद्धा आहे. अक्षर सुंदर असून काय चाटायचंय, असं तू म्हणायचीस ना? आता बघ!

नावाड्याबरोबर मातीची मोठी पाटी पाठवतो आहे, ओल्या पोत्यात गुंडाळून. तिच्यावर आपल्या राज्याचा उगम कोरला आहे. सात वर्षांपूर्वी बांध फुटला तेव्हा महाराज एकटे खिंडारात उतरले, त्यांचा पाय लागताच नदी मागे सरली आणि त्या पुण्याईवर यंदा राज्य उभं राहिलं, असा मजकूर आहे. सावकाश वाळव आणि भाजून दे. एवढी जाड पाटी तुझ्याशिवाय कुणाला जमत नाही. दुसऱ्या भट्टीत दोनदा फुटली. पौर्णिमेला ती बांधात, त्या फुटलेल्या जागीच बसवायची आहे.

आणि हो, आपल्या रिवाजाप्रमाणे कोपऱ्यात अंगठा उठवू नकोस. महाराजांना पाटी स्वच्छ हवी आहे. मीही उठवलेला नाही.

रागावशील, ठाऊक आहे. रागाच्या खाली जी माया आहे ती तेवढी राहू दे.

तुझा धाकटा

---

आई गेल्याचं सातवं वर्ष, भट्टी

चि. टिल्ल्यास,
अ. उ. आ.

आशीर्वाद सवयीने लिहिला. खरं तर तुझ्या थोबाडीत द्यावीशी वाटतेय.

महाराज कोण रे? कोठारावरचा मुकादम, तो नाकाड्याच ना? त्याचा पाय कधी लागला पाण्याला? बांध फुटला तेव्हा आईने पेटती भट्टी फोडायला लावली. हातांना चिंध्या गुंडाळून आम्ही ऐंशी जणांनी गरम विटा हातोहात खिंडारापर्यंत पोचवल्या. आई सगळ्यांच्या पुढे, कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून विटा दाबत होती. शेवटचा थर राहिला आणि पाण्याने तिला नेलं. खिंडार बुजलं, गाव वाचलं, आई सापडली नाही. माझ्या तळहातांवर ते डाग अजून आहेत. आणि तू मला सांगतोस, नदी मागे सरली!

वर अंगठा नको म्हणे. वीट पाडणाऱ्याने ओल्या विटेवर अंगठा उठवायचा, म्हणजे वीट कच्ची निघाली तर जाब कुणाला विचारायचा ते कळतं. हे आईनेच घालून दिलं. तू एवढासा होतास तेव्हा तुझा अंगठा धरून तिनेच पहिल्या विटेवर दाबला होता. नाचला होतास तू त्या दिवशी, भट्टीभर.

पाटी ओल्या फडक्याखाली ठेवली आहे. माती ओली आहे तोवर अक्षरं पुसता येतात. ये आणि खरं लिही, मगच भाजेन.

तुझी (अजून तरी) ताई

---

राज्यवर्ष पहिले, राजवाडा

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. मी आईचा विषय काढला नसेन असं वाटलं का तुला? काढला होता. महाराज म्हणाले, विटा थापणाऱ्या बाईपासून कधी राज्य सुरू होतं का, शेजारचे राजे हसतील. दरबारातले सगळे हसले. मीही हसलो. काय करणार होतो?

आई गेली, ताई. पाटीवर काय लिहिलंय याने तिला आता काय फरक पडतो? मला पडतो. पाटी वेळेत पोचली नाही तर माझी मान जाईल. पोचली तर भट्टीची जागा तुझ्याकडेच ठेवायचा शब्द मिळाला आहे. आणि तू तरी एवढं खात्रीने कसं बोलतेस? तू रांगेत मान खाली घालून विटा देत होतीस. महाराज कुठे होते हे तू पाहिलं नाहीस.

पाया पडतो, भाजून टाक. धाकट्यावर लोभ असू दे.

तुझा धाकटा

---

आई गेल्याचं सातवं वर्ष, भट्टी

टिल्ल्या,

या खेपेला आशीर्वाद नाही.

पाहिलं होतं. आई वाहून गेली तेव्हा मी मान वर केली, तुला शोधायला. नाकाड्या कोठाराच्या छपरावर बसला होता आणि त्याच्या शेजारी तू, गुडघ्यांत तोंड खुपसून. सात वर्षं हे कुणाला बोलले नाही, तुलासुद्धा नाही. लेकरू घाबरलं, असं म्हणून गिळलं. घाबरलास याचा राग मला कधीच आला नाही. पण नाकाड्याला त्या छपरावरून उचलून तू खिंडारात उभा केलास, आईच्या जागेवर! याचा येतो.

तुझी मान माझ्यामुळे जायला नको म्हणून पाटी भाजली. मागितलीस तशीच, अंगठ्याविना. पौर्णिमेला स्वतः बांधावर पोचवली. तू तोंड दाखवायला आला नाहीस, आणि राजवाड्यात तुला काहीबाही सांगतील, म्हणून झालं ते लिहिते. म्हातारा गवंडी बांध फुटला त्या दिवशी विटांच्या रांगेत माझ्या पुढे होता. त्याने पाटी उलटीसुलटी पाहिली आणि म्हणाला, अंगठा नसलेला माल बांधात जात नाही. शिपायांनी दम दिला. गवंडी, मजूर, टोपल्या वाहणाऱ्या बाया, सगळे हातातलं टाकून खाली बसले. पुराला पंधरा दिवस राहिलेत, हाकलणार कुणाला? शेवटी नाकाड्या स्वतः पुढे आला. एवढंच ना, म्हणाला, आणि सगळ्यांदेखत पाटीवर अंगठा दाबला. नख पांढरं होईस्तोवर दाबला. भाजलेल्या मातीवर अंगठा उठतो होय? कुणी हसलं नाही. मी हसले.

तुझी पाटी आता घाटावर पायरीला टाकली आहे, बिनअंगठ्याच्या विटा टाकतो तिथेच.

मी तेवढ्याच मापाची दुसरी पाडून ठेवली आहे, कोरी. दहा दिवस ओली राहील. भीती वाटत असेल तर भीत भीत ये, पण ये. आईच्या पाठीशी ऐंशी माणसं होती, त्यांतली बहुतेक अजून आहेत. अक्षर तुझं सुंदर आहे, अंगठाही तुझाच लागेल. नाही आलास तर अकराव्या दिवशी मी माझ्या वेड्यावाकड्या अक्षरांत लिहीन, आणि छपरावर कोण कोण होतं तेही लिहीन.

लोभ अजून आहे. त्याचाच राग येतो.

तुझी ताई