आधी उजवा, मग डावा

१ नोव्हेंबर, सकाळी ६.१०
भावोजींनी त्यांची गिटार महिन्यासाठी दिली. अट : महिनाअखेरीस क्लासिकल गिटारच्या सरांसमोर पहिला धडा, सोळा ओळी, न थांबता वाजवायचा. सरांनी क्लासमध्ये घेतलं तर गिटार माझी. नाही तर भावोजींच्या ऑफिसातल्या एकाने ती आधीच मागून ठेवली आहे. शाळा सोडल्यापासून मी एकही गोष्ट तडीस नेलेली नाही, असं आई म्हणते. ही नेणार.

२ नोव्हेंबर
वेळापत्रक आखलं. तीन रंगांत. १ ते १५ फक्त उजवा हात, मोकळ्या तारा. १६ ते ३० फक्त डावा, तारा दाबायच्या, छेडायच्या नाहीत. ३१ ला सकाळी दोन्ही एकत्र, संध्याकाळी सर. पाया पक्का हवा. बाकीचे घाई करतात.

५ नोव्हेंबर
मेट्रोनोम मिनिटाला साठ ठोक्यांवर. बहात्तर मिनिटं. ४,३२० वेळा तार छेडली. ताई म्हणाली, दाराची बेल अडकल्यासारखं वाटतंय रे. तिला पाया म्हणजे काय ते कळत नाही.

९ नोव्हेंबर
छापखान्यात लेबलं तपासताना टेबलावर बोटांचा व्यायाम केला. मालक म्हणाले, टेबलाने तुझं काय वाकडं केलंय? म्हणालो, व्यायाम आहे. म्हणाले, मग मैदानात जा.

१३ नोव्हेंबर
सराव नाही. सर्दी. सर्दीचा बोटांवर परिणाम होतो का, याची माहिती काढली. होत नाही. तोपर्यंत सरावाची वेळ संपली होती.

१६ नोव्हेंबर
डावा हात सुरू. आवाज अजिबात नाही. आई म्हणाली, आता कसं छान वाजवतोस!

२२ नोव्हेंबर
डाव्या बोटांना घट्टे पडले. भावोजींना दाखवले. म्हणाले, घट्टे राहू दे, वाजवून दाखव. म्हणालो, हा टप्पा तो नव्हे. ते ताईकडे बघत बसले.

२७ नोव्हेंबर, दुपारी १.२०
वेळ पक्की करायला सरांना फोन केला. म्हणाले, तीस तारीख, पाच वाजता. म्हणालो, पण महिनाअखेरीस ठरलं होतं ना? म्हणाले, नोव्हेंबर आणखी किती लांबवायचा?
कॅलेंडर पाहिलं. छापखान्यातलंही पाहिलं. दोन्हींत तीसच.

२८ नोव्हेंबर
घाबरायचं कारण नाही. दोन पूर्ण दिवस आहेत. नवं वेळापत्रक केलं, तासांचं. ते आखण्यात संध्याकाळ गेली. एक दिवस आहे.

२९ नोव्हेंबर
दोन्ही हात एकत्र. उजवा चालू झाला की डावा थांबून ऐकतो. डावा निघाला की उजव्याला काही आठवत नाही. आई म्हणाली, या दोघांचं बोलणं बंद आहे का? दुसऱ्या ओळीपर्यंत पोहोचलो. पूर्ण नाही.

३० नोव्हेंबर, संध्याकाळी ७
सर म्हणाले, करा सुरू. चार मात्रा मोजल्या. मग आणखी चार. सर म्हणाले, कुणाची वाट बघताय? वाजवलं. तिसऱ्या स्वराला अडलो. पुन्हा पहिल्यापासून. असं सहा वेळा. सर म्हणाले, हात दोन्ही चांगले आहेत तुमचे. पुढच्या वर्षी बघू.
भावोजी घरी येऊनच बसले होते. माझं तोंड बघितलं आणि गिटार कव्हरमध्ये घालायला लागले. म्हणालो, एक मिनिट द्या. दिली. मांडीवर घेऊन बसलो. आई, ताई, भावोजी, सगळे बघत होते.
वाजवण्यासारखं काहीच येत नव्हतं. अर्ध्या मिनिटात परत दिली.