मुंबईच्या ट्रंकेतले गारेगार

मंगळवार, ता. ९ मे १९६१. दुपारी तीन वाजून वीस मिनिटे.

बांबूच्या काड्या तासतो आहे. वीतभर लांब, टोके गोल — पोरांच्या जिभेला कुसळ लागता कामा नये. तासून झाल्या की उकळायच्या.

परवा दादाची सुगंधा सायकलवाल्या गंगारामचे लाल गारेगार खाऊन दिवसभर ओकली. पाच वर्षांची पोर! नुसता रंग आणि सॅकरीन. आणि घरामागे आमच्या परड्यात रतांबे, कोकमाची ओली फळे, झाडाखाली सडताहेत. मी फळांचे करणार. विकणारही.

दाजींना सांगितले. बाप म्हणून निदान ऐकून घेतील असे वाटले. ते माझ्याशी नाही, ओटीवरच्या खांबाशी बोलले. "मुंबयक गिरणीत जाऊचा सोडून पोरांक बर्फ चाटयतलो हो!" पंचवीस तारखेला शेवटची बोट. मग पावसाळाभर बंदर बंद. माझ्यासाठी पत्र्याची नवी ट्रंकही आणून ठेवली आहे. सातवीला दोनदा नापास झालेल्याने तोंड उघडायचे नसते. मी उघडले. जाणार नाही म्हटले.

गारेगार की गारीगार? शाळेच्या कुठल्याच पुस्तकात हा शब्द नाही. मी गारेगारच लिहिणार.

गुरुवार, ता. ११

फजिती. बंदरावरून बर्फ आणला, मासळीला घालतात तोच. बादलीत बर्फ, त्यावर मीठ, मध्ये पत्र्याच्या सहा नळ्या. नळ्यांत घरचे कोकमाचे आगळ, पाणी, साखर. दोन तास पोरे काड्या धरून भोवती बसली. काडी ओढली की नुसती काडी येई! खाली लाल पाणी.

यशोदावहिनी हसून हसून खाली बसल्या. "आगळात मीठ आसता, विसारल्यात काय भावजी? सोलकढी कधी गोठली हा?"

जन्मभर आगळ खाल्ले आणि विसरलो. मिठाने बाहेर थंडी वाढते, आत तेच मीठ गोठू देत नाही. पोरे काड्या चोखत घरी गेली.

शुक्रवार, ता. १२

मीठ बाहेर. आत नाही. रतांब्यांच्या सालींत साखर भरून बरणी उन्हात ठेवली. बिनमिठाचा रस सुटेल, तो नळ्यांत.

रविवार, ता. १४

बादलीत बर्फ टिकत नाही. झाकणाची पेटी हवी. घरात एकच आहे.

ट्रंकेतले दोन सदरे, धोतर, आईने घातलेली कुळथाच्या पिठीची पुरचुंडी, सगळे काढून फळीवर ठेवले. ट्रंकेला बाहेरून गोणपाट बांधले, आत बर्फ नि मीठ, मध्ये नळ्या उभ्या. दाजींनी दारातून पाहिले. तेव्हापासून माझ्याशी बोलतच नाहीत.

पण गोठले! कडक, गडद लाल. सुगंधाने पहिले चाटले. नंतर संध्याकाळपर्यंत मी तिच्या कपाळाला हात लावून पाहत होतो. शेवटी ती चिडली. काही झाले नाही तिला.

सोमवार, ता. १५

एकही विकले गेले नाही. शेजारच्या हौसाबाईंनी नातवाला दंडाला धरून मागे ओढले. सोमवारी मासळीचा बर्फ! मी समजावले, बर्फ नळीच्या बाहेर असतो, आत फक्त रतांबे, साखर नि उकळलेले पाणी. नळ्या राखेने घासून दाखवल्या.

"भायर काय नि भितुर काय," म्हणाल्या, "मासळीचो तो मासळीचोच."

मग मी त्यांच्याच पायरीवर बसलो आणि सगळी गारेगार स्वतः खाल्ली. एकेक करून. दात ठणकत होते, तरी खाल्ली. आत त्यांचा नातू भोकाड पसरून रडत होता.

मंगळवार, ता. १६

सगळी गेली. हौसाबाईंच्या नातवाने दोन घेतली.

शनिवार, ता. २०

मिठाच्या पाण्याने ट्रंकेचा तळ खाल्ला. करंगळी जाईल एवढे भोक. मेण लावून बुजवले.

दाजींनी वहिनींना विचारले, "बोटीर ह्या ट्रंकेतसून हो काय नेतलो?" मीही वहिनींनाच सांगितले, "गारेगार." वहिनी मध्ये उभ्या, तोंडात पदर.

माझे पाय इथेच राहणार. उचलून बोटीत टाकले तरच.

मंगळवार, ता. २३

आईने सदरे पुन्हा घडी घालून पिशवीत भरले. मी पुन्हा काढले.

बुधवार, ता. २४. संध्याकाळी सहा.

विहिरीवरून आलो तर ट्रंकेचे झाकण उघडे. दाजी ओटीवर पाठ करून बसलेले. वळले तेव्हा पांढऱ्या मिशा लालभडक!

"गोड जास्त झाला," म्हणाले. "फाल्या करवंदांचा कर."

फाल्या. म्हणजे उद्या. उद्या पंचवीस तारीख!

खर्च : बर्फ पंचाहत्तर नये पैसे, साखर सव्वा रुपया, मीठ सहा नये पैसे.
देणे : दाजींना, ट्रंक एक.
येणे : दाजींकडून, गारेगार एक, पाच नये पैसे. मागणार आहे.