चौथी अंघोळ

आई, तुला जाऊन बारा वर्षं झाली. तू होतीस तेव्हा तुझ्या पोटाचं मी कधी विचारलं नाही, आणि आता विचारावंसं वाटतं तर तू नाहीस.

आपलं स्वयंपाकघर आठवतं. कुळधर्माचा दिवस आहे, तू सोवळ्यात पुरण वाटते आहेस, आणि एकाएकी तुझा हात थांबतो. तांब्या घेऊन तू परसाकडे जातेस. परत आलीस की पुन्हा डोक्यावरून पाणी, पुन्हा ओलं लुगडं, मगच चुलीला हात. आजी पाटावरून म्हणते, "झालं, निघाली! हिचं पोट थाऱ्यावर येईस्तोवर देवानं उपाशी बसावं काय?" मी सात-आठ वर्षांची. मोजायची खोड तेव्हापासूनची. विहिरीवर तुझ्या अंगावर पाणी ओतताना मी मोठ्यानं ओरडले, "आई, ही चौथी!" ओसरीवरच्या बायका हसल्या. तू मारलं नाहीस. एवढंच म्हणालीस, "मोजू नको गं. मोजलं की वाढतंय."

पुढे तू सणावारी जेवणच सोडलंस. लोक म्हणायचे, केवढी उपासाची बाई, आणि मलाही त्याचा अभिमान. माझ्या लग्नात कन्यादानाला काका-काकू बसले, तू आतल्या खोलीत राहिलीस. उपासानं चक्कर येते म्हणे. त्याचा राग मी कितीतरी वर्षं धरला. उपास लेकीपेक्षा मोठा झाला, असं वाटायचं.

दुसऱ्या बाळंतपणानंतर माझंही तेच सुरू झालं. हिंगोलीच्या हकीमसाहेबांनी पंधरा दिवस लिहून आणायला सांगितलं, काय खाल्लं आणि पोट कसं राहिलं. मी तारीखवार लिहून नेलं. त्यांनी कागद दोनदा वाचला. म्हणाले, "बाई, खाण्यात काही खोट न्हाई. जवा कुठं जायचं असतं, तवाच बिघडतं. ही तकलीफ धास्तीची. पुडी देत न्हाई. उपाशी राहू नका. पोटावर हात ठेवून श्वास हळूहळू सोडा. आन् घरातल्या एकीला तरी सांगून ठेवा, निम्मा भार उतरंल."

जेवते मी. श्वासासोबत नाम घेते, कधी कधी कळ उतरतेही. पण सांगणं? ते कुणाला आणि कोणत्या तोंडानं? परवा वसमतला पोरीचं लग्न आहे. दोन तास सोवळ्यात पाटावर बसायचं. मधेच उठले तर अंघोळ, आणि तोवर मुहूर्त टळणार. हे मनात आलं की इथं बसल्या बसल्या पोटात पिळा पडतो.

काल मी जाऊबाईंना म्हटलं, कन्यादानाला तुम्ही दोघं बसा. त्या म्हणाल्या, "असं काहून हो, अक्का? तुमची लेक हाय!" दारात पोरगी उभी होती. जाऊबाईंना आत नेऊन खरं सांगता आलं असतं, हकीमसाहेब म्हणाले तसं. पण मी म्हटलं, माझा नवस आहे, लेकीचं कन्यादान मी माझ्या हातानं करणार नाही.

पोरगी इतकंच म्हणाली, "देवाला असलं कोण बोलतं, आई?" तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही.

तुला हे कुठल्या पत्त्यावर धाडू? घरात कुणाच्या हाती लागू नये म्हणून फाडूनच टाकीन. आई, मी देवाला तसं काही बोलले नव्हते.