जे बोलायचं ते अध्यक्षांमार्फत

२१ जुलै, सोम.
संसदेचं अधिवेशन सुरू. अकराच्या ठोक्याला ह्यांनी टीव्ही लावला. दोन सेकंदांनी भिंतीपलीकडून तेच अध्यक्ष तेच वाक्य पुन्हा बोलले. भावजी मोबाइलवर बघतात, त्यांच्याकडे सगळं मागाहून पोचतं. फेब्रुवारीपर्यंत ह्यांच्या ह्या धाकट्या भावाची वेताची खुर्ची अकरा वाजले की ह्याच खोलीत असायची. भावजी रोज ती घरून उचलून घेऊन यायचे. हे सरकारच्या बाजूचे, भावजी विरोधातले. प्रश्नकाळभर भांडायचे आणि बारा वाजता एकाच ताटलीतली शेव खायचे. आता खुर्ची नाही, बोलणं नाही. आज सभागृह सात मिनिटांत तहकूब झालं, तेव्हा दोन्ही घरांतून एकदम "हात्तिच्या!" आलं. मला हसू आवरेना.

२३ जुलै, बुध.
भावजी अंगणात. "वहिनी, दादाला सांगा, टाकीचा नळ बसवून घेतलाय." दादा चार पावलांवर दाढी करत होते. सांगितलं. "त्याला म्हणावं, बरं केलंस." तेही सांगितलं. बत्तीस वर्षं मी इंटर कॉलेजात पोरींना नागरिकशास्त्र शिकवलं, मार्चमध्ये निवृत्त झाले, ती ह्यासाठी!

२७ जुलै, रवि.
झाशीतल्या आमच्या मराठी मंडळाची बैठक. गणपतीत नाटक काय? नवी मुलं मराठी समजतात पण पाठ करायचं म्हटलं की पळतात. भावजींची लेक ईरा म्हणाली, "बड़ी काकू, कुछ ऐसा करो ना, की कागद बघून बोलता येईल." आणि मला एकदम सुचलं. अभिरूप संसद! तासाभराचा प्रश्नकाळ. मंत्री कागद बघून उत्तर देतात, विरोधक कागद बघून विचारतात, पाठांतराचं नावच नाही. सगळ्यांना पटलं. अध्यक्षा मी. परतताना बडा बाजारातून पितळी घंटा घेतली. रिक्षात दोनदा वाजवून पाहिली, रिक्षावाला दचकला.

२८ जुलै, सोम.
आनंदाच्या भरात एक लिहायचं राहिलं. माझा डाव दुसराच आहे.
सभागृहात सदस्यांनी एकमेकांशी बोलायचं नसतं. जे बोलायचं ते अध्यक्षांना उद्देशून. म्हणजे आमच्या घरात चाललंय तेच! ह्या दोघांना अबोला न मोडता तासभर बोलता येईल. शब्द तोंडाबाहेर पडले तर पडले.

३ ऑगस्ट, रवि.
आमच्या मंडळात नाटकाची पात्रं चिठ्ठ्या टाकून ठरतात, बाप्पासमोर तबकात. कोणी रुसायला नको म्हणून जुनी पद्धत. तबक माझ्या हातात. ह्यांना निघालं 'विरोधी पक्षनेते'. भावजींना निघालं 'मंत्री'. सभागृह हसून हसून लोळलं. सगळ्या झाशीला ठाऊक आहे कोण कुठल्या बाजूचं.
त्या दोन चिठ्ठ्या मी तिकोनी दुमडल्या होत्या आणि बरोबर त्यांच्यापुढेच ठेवल्या. निष्पक्षता हा धडा मी पोरींना दरवर्षी दोनदा शिकवत असे. बाप्पा, क्षमा असावी. पण फार मजा आली.

७ ऑगस्ट, गुरु.
हे जाम चिडलेत. "मी सरकारला प्रश्न विचारू? मी?" मग हळूच वर्तमानपत्रं काढून बसले. विषय मीच दिलाय: मंत्र्यांच्या भाच्याला शिफारशीवर नोकरी. दुपारी स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, "ऐक. 'मंत्रिमहोदय नैतिक जबाबदारी घेणार का?' कसं वाटतं?" मी म्हटलं, अगदी भावजींसारखं. जेवताना पोळी एक जास्त खाल्ली.

८ ऑगस्ट, शुक्र.
ईरा सांगत होती, तिकडे भावजी आरशासमोर उभं राहून "चौकशी सुरू आहे, निष्कर्ष काढण्याची घाई करू नये" म्हणतात. थेट दादाच्या आवाजात! काका-बाबा बदलले की काय, असं विचारते पोर. तिला ह्या भांडणाचं मूळ माहीत नाही. भावजींनाही अर्धंच माहीत आहे.
पूर्ण मला माहीत आहे. एकवीस वर्षांपूर्वी भावजींची बदली गुरसरायला झाली. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आणि भावजींवाचून घास घेत नसत. भावजींनी अर्ज केला, बदली रद्द झाली. ते आजवर समजत होते की अर्जामुळे. खरं म्हणजे हे इलाइट चौराह्याजवळ एका पुढाऱ्याच्या दारात तीन तास उभे राहिले, शिफारशीची चिठ्ठी आणली, आणि मला शपथ घातली. फेब्रुवारीत टीव्हीवर अशाच कुठल्या मंत्र्यावरून जुंपली. भावजी म्हणाले राजीनामा द्यायलाच हवा. ह्यांचा तोल गेला: "तू कुणाला शिकवतोस? तुझी गुरसरायची बदली शिफारशीवर रद्द झालीय, विचार स्वतःला!" कुणाच्या शिफारशीवर, ते नाही सांगितलं. भावजींनी खुर्ची उचलली आणि गेले. सगळी नोकरी त्यांनी ताठ मानेनं केली होती. एका वाक्यात ह्यांनी ती मोडून ठेवली. माझा नवरा चांगला आहे, पण त्या दिवशी मला त्याचा राग आला होता, अजून आहे.

१७ ऑगस्ट, रवि.
तालीम. पहिल्यांदा समोरासमोर. हे: "अध्यक्ष महोदया, मंत्र्यांना विचारा..." भावजी: "महोदया, सन्माननीय सदस्यांना सांगा..." इतके सराईत, की कोणी शिकवावंच लागलं नाही! ईरा सत्ताधारी बाकावर. मध्येच ओरडली, "बैठ जाइए, बैठ जाइए!" मी घंटा वाजवली. मराठीत ओरड म्हटलं. "खाली बसून जा!" म्हणाली. चालेल.

२१ ऑगस्ट, गुरु.
खरं अधिवेशन संपलं. उद्यापासून अकरा वाजता दोन्हीकडे शांतता.

२७ ऑगस्ट, बुध.
बाप्पा आले. गणपती दोन्ही घरांचा एकच, आमच्याकडे बसतो. आरतीला भावजी आले, टाळ घेऊन ह्यांच्या शेजारीच उभे. टाळ एका ठेक्यात, नजरा दोन भिंतींकडे. एकवीस मोदक केले. एक फुटला, तो मी खाल्ला.

३० ऑगस्ट, शनि.
झालं! आत्ताच लिहून ठेवते.
सभागृह भरलेलं. शेजारचा दूधवालाही आला होता, मराठीचं अक्षर कळत नसताना. मी घंटा वाजवली. तारांकित प्रश्न क्रमांक एक, ह्यांचा. भावजींनी कागद वाचला: "माहिती गोळा करण्यात येत असून सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल." हशा. हे पूरक प्रश्नाला उठले आणि काय बोलले! शिफारस म्हणजे रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या पाठीत धक्का, असं म्हणाले. जे भावजी पंधरा वर्षं ह्यांना सांगत होते, तेच, तितक्याच तळमळीनं. मी ऐकतच राहिले. भावजींचं तोंड उघडंच राहिलं.
मग ह्यांनी कागद खाली ठेवला आणि विचारलं, "महोदया, मंत्रिमहोदय सांगतील का, ज्यानं लाभ घेतला तो दोषी नाही का?"
भावजींनीही कागद ठेवला. "महोदया, घेणाऱ्याला लाभ झाल्याचं माहीतच नसेल तर? उलट मीच सन्माननीय सदस्यांना विचारतो. शिफारस केली कोणी?"
सभागृहात प्रश्न सदस्य विचारतात, उत्तर मंत्री देतात. मंत्र्यानं उलट विचारायचं नसतं. नियमानं मी घंटा वाजवायला हवी होती. घंटा माझ्या हातात होती. नाही वाजवली.
हे उभे. माझ्याकडे बघितलं, मग शपथ आठवली असावी, मान खाली. सगळे टाळ्या पिटताहेत, त्यांना वाटलं नाटकच आहे. दूधवाला ओरडला, "दद्दा, जवाब तो दै दो!"
"महोदया," हे म्हणाले, "लेखी उत्तर देतो. पंधरा दिवसांत."
"सभागृहाला आश्वासन मिळालेलं आहे," मी म्हटलं, आणि सभा तहकूब केली, कारण मला रडू फुटत होतं. आनंदानंच. सहा महिन्यांत पहिल्यांदा भावाला भावानं काही विचारलं होतं.

६ सप्टें., शनि.
विसर्जन. दोघांनी मिळून बाप्पाला उचललं. "डावीकडे", "जपून", एवढंच. पण माझ्यामार्फत नाही, थेट.

१० सप्टें., बुध.
हे उत्तर लिहिताहेत. चार कागद फाडले. पहिल्यात फार कारणं होती, दुसऱ्यात आईचंच सगळं. "कारण द्यायचं की नुसतं कबूल करायचं?" मी म्हटलं, मंत्र्यांकडून आपण काय मागतो? हे नवा कागद काढायला उठले.

१२ सप्टें., शुक्र.
पाचवा कागद. मला वाचायला दिला. तीन ओळी. शिफारस मी केली. तुला न सांगता केली. तुला बोललो ते चुकलं. खाली पूर्ण नाव आणि सही, जणू खरंच पटलावर ठेवायचं आहे. मला फार अभिमान वाटला ह्यांचा, तसं सांगितलंही. संध्याकाळी स्वतः जाऊन भावजींच्या दाराखालून सरकवला आणि धावत परत आले, सत्तराव्या वर्षी!

१३ सप्टें., शनि.
सकाळपासून भिंतीपलीकडे चिडीचूप. ह्यांनी तीनदा घड्याळ बघितलं. मी पोहे केले, कुणी खाल्ले नाहीत.
अकराला अंगणात काहीतरी घासत आल्याचा आवाज. भावजी. हातात वेताची खुर्ची. टीव्ही बंद, अधिवेशन नाही, तरी जुन्या जागी खुर्ची मांडून बसले. चेहरा कळेना. हे ताठ उभे, नापास झालेल्या मुलासारखे.
भावजींनी खिशातून कागद काढला, चष्मा लावला.
"लेखी उत्तर मिळालं. त्यावर माझे पूरक प्रश्न आहेत. बरेच आहेत, दादा." मग माझ्याकडे वळले. "आणि एक अध्यक्ष महोदयांना. फक्त आमच्याच दोन चिठ्ठ्या तिकोनी का होत्या?"
मी शेवेचा डबा काढायला आत पळाले. बाहेर पहिला प्रश्न सुरू झालाय.