आत एका वेळी पाचच

प्रिय टिल्ल्या,

डोक्यावरचे केस गेले तरी माझ्यासाठी तू टिल्ल्याच, तेव्हा आधी ओरडा खा. काल “ताई, तू फक्त गप्प बस, बाकी मी बघतो” एवढं बोलून तू फोन ठेवलास. मला गप्प बसवायचं, तेही फोनवरून! आईला ते समोर बसून जमलं नाही. म्हणून कागद घेतला, आज रात्रीच तुझ्या घरी पोचता करते. इथे तुला मध्येच तोडता येत नाही.

तुझं सॉफ्टवेअर ठणठणीत आहे. आमच्या कंपनीत ते बसवलंस तेव्हा मोठ्या साहेबांना तू पटवलं होतंस, की नावं कितीही जणांची घाला, एका वेळी पाच जणांना त्यात शिरता आलं की पुरे. तेव्हा माणसंच मोजकी होती. आता ऑफिस भरून वाहतंय आणि लायसन्स पाचच. सहावा आला की पडद्यावर पाटी, ‘जागा नाही’. पण आम्ही निभावलं. न्हाणीघर एक आणि माणसं ढीगभर अशा घरात मी वाढले. तू आत गाणी म्हणत बसायचास आणि मी बाहेरून दार बडवायचे, तसंच हे. गरजू माणूस उभा राहून “कोण निघतंय?” म्हणून ओरडायचा आणि ज्याचं काम झालंय तो “या, पाट रिकामा झाला” म्हणत बाहेर पडायचा. चहाला उठतानाही आधी सॉफ्टवेअरमधून निघायचं, मग खुर्चीतून. विसरणाऱ्याला बाहेर काढायचा अधिकार तू माझ्याकडे दिलास. ताई भांडायला घाबरत नाही, असं तूच साहेबांना सांगितलं होतंस.

मग मोठ्या साहेबांचे चिरंजीव कारभारात आले. त्यांना आकड्यांचे रंगीत आलेख फार आवडतात. ते केबिनमध्ये एकदा आत शिरतात, मांडीवरच्या लॅपटॉपवर दुसऱ्यांदा, आणि मीटिंगच्या खोलीत भिंतीएवढ्या पडद्यावर तिसऱ्यांदा. एक माणूस, तीन जागा. त्यात तिन्ही चालू ठेवून जेवायला गेले की जेवण पचवूनच परत येतात. उरलेल्या दोन जागांत आम्ही सगळे. मी तीनदा तरी सांगायला गेले असेन. “असू द्या हो ताई चालू, आलेल्या माणसावर छाप पडते,” म्हणाले.

छाप पडली ती गोदामवाल्या अण्णांवर. माल पाठवायची चिठ्ठी याच सॉफ्टवेअरमधून निघते, आणि चिठ्ठीशिवाय फाटकावरचा पहारेकरी सख्ख्या बापाचाही ट्रक सोडणार नाही. ट्रक उभे, ड्रायव्हर शिव्या देतायत, आणि अण्णा आमच्या दारात “अरे कोण निघतंय?” करत घसा कोरडा करतायत. निघणार कोण? आत होते ते आलेख. माल उशिरा पोचला, गिऱ्हाईक बोंबललं, आणि धाकट्या साहेबांनी अण्णांना नोटीस दिली. कारण काय, तर कामात संथ. महिनाअखेरीस घरी बसा. टिल्ल्या, अण्णा काही देवमाणूस नाहीत. भांडकुदळ आहेत, माझी पेनं पळवतात आणि वर माझ्याकडेच पेन मागतात. पण संथ? ज्यांची हाक गोदामातून फोनशिवाय माझ्या टेबलावर येऊन आदळते, ते?

सोमवारी मोठं गिऱ्हाईक मीटिंगच्या खोलीत बसलं होतं, भिंतीवर रंगपंचमी चालली होती, आणि फाटकाशी दोन ट्रक खोळंबले होते. अण्णा दारात आले. या वेळी ओरडले नाहीत, नुसते उभे राहिले. ते मला बघवेना. मी माझा अधिकार वापरून धाकट्या साहेबांच्या तिन्ही जागा रिकाम्या केल्या. भिंत कोरी झाली, अण्णांच्या चिठ्ठ्या निघाल्या, ट्रक सुटले. साहेब धावत बाहेर आले, “कोणी केलं हे?” मी म्हटलं, मी. तर समजूत घालायच्या सुरात म्हणतात कसे, “अहो ताई, चुकून दाबलं गेलं असेल, होतं असं.” माझ्या वयाच्या बाईकडून काही मुद्दाम होऊ शकतं, हे त्यांच्या डोक्यात शिरेचना! शेवटी मोठे साहेब म्हणाले, नक्की काय झालं ते सांगायला सॉफ्टवेअर बसवणाऱ्यालाच बोलावू.

म्हणजे तुला. उद्या तू येणार आणि काय सांगणार, हे काल तुझ्या आवाजावरूनच कळलं. सॉफ्टवेअर जुनं झालंय, माणसांना आपोआप बाहेर फेकतं, ताईचा काही दोष नाही. बहीण वाचली, साहेबांची अब्रू वाचली. आणि अण्णा? दोष सॉफ्टवेअरचा ठरला, की तीन जागा कोण अडवून बसलं होतं हे कुणी विचारणार नाही, आणि अण्णा संथचे संथच राहतील. तुझी माया मला कळते रे, पण ती मला या भावात नको. तेव्हा उद्या खरं तेच सांग. ते आपोआप कुणाला बाहेर काढत नाही, काढावं लागतं. कुणी काढलं, असं विचारतील. माझ्याकडे चोरून बघू नकोस आणि मानही खाली घालू नकोस. मी मुद्दाम काढलं, आणि का काढलं, हे मी त्या भिंतीएवढ्या पडद्यासमोर उभी राहून सांगणार आहे. आणि त्यांनी पुन्हा तीन जागा अडवल्या, तर पुन्हा काढणार आहे.

तुझीच,
निदान उद्या दुपारपर्यंत नोकरीत असलेली,
ताई