कांदा ठेवायचा कुठे?

६ एप्रिल, रविवार
निर्णय पक्का. अनुश्री सत्तावीसला नोकरीसाठी पुण्याला चालली. त्याआधी, वीस तारखेला, बापलेक सायकलने रायपूरहून नवा रायपूरला जाणार. रोज ऑफिसच्या बसमध्ये झोपून जातो तोच रस्ता, पण यावेळी स्वतःच्या पायांवर. आयडिया तिची. "सिर्फ आप और मैं, बाबा," म्हणाली. फार बरं वाटलं. लताने विचारलं, शेवटची सायकल कधी चालवली होती? बायकोच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं.

८ एप्रिल
बेचाळीस डिग्री. पँट घालून सायकल चालवली तर मांड्यांची सालपटं निघतील. सायकलिंग शॉर्ट हवी. यूट्यूबवर पूर्ण अभ्यास केला. घाम सुकवणारं कापड, बसायला आत गादी, शिलाई मांडीला न घासणारी. आतून चड्डी घालायची नाही म्हणे. हे लताला सांगितलेलं नाही.
पण एकाही शॉर्टला धड खिसा नाही. मग ऊन लागू नये म्हणून कांदा ठेवायचा कुठे? आमचे आबा नागपूरच्या उन्हात खिशात कांदा असल्याशिवाय उंबरा ओलांडत नसत. जेवताना हा मुद्दा मांडला. अनुश्री हसली. मी गंभीर होतो.

१२ एप्रिल, शनिवार
विश्वासघात. अनुश्रीने माझ्यासाठी शॉर्ट आणली. वर लेबल: एक्सएल.
पोटच्या पोरीने बापाला एक्सएल समजावं! लग्नात मी मीडियम होतो. त्यानंतर तब्येत थोडी भरली असेल, माप तेच आहे. "पहनके तो देखो," म्हणाली. बघतो म्हटलं. घडीसुद्धा मोडली नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व.

१३ एप्रिल
शॉर्ट नरहरला देऊन टाकली. ऑफिसात शेजारचं टेबल, मोहल्ल्यात शेजारची गल्ली. त्याला एक्सएल शोभते. काहून देऊन राहिला, विचारत होता. मला ढगळ होते म्हटलं. त्याने माझ्या पोटाकडे पाहिलं. मित्राने असं पाहू नये.
मालवीय रोडवरून मीडियम आणली. दुकानदारही आधी एक्सएलच काढत होता. सगळे एकमेकांना सामील आहेत.

१६ एप्रिल
बाथरूममध्ये ट्रायल. चढायला वेळ लागला. चढल्यावर श्वास अर्धाच जातो. रेसिंगची शॉर्ट अशीच असते, वापराने सैल होईल. मांड्यांवर वळ उठले, ते उकाड्यामुळे.
लता दाराबाहेरून म्हणाली, "मोठी घ्या ना जी. कोन पाहून राहिलं तिथं?"
म्हणजे हीसुद्धा.

१९ एप्रिल
शॉर्ट फिट बसली का, अनुश्रीने विचारलं. एकदम, म्हटलं. कोणती, ते तिने विचारलं नाही. नरहर म्हणतो, आता शॉर्ट आहे तर मीही येतो. ये म्हटलं. तेलीबांधा तलावापर्यंत दमेल, पुढे आम्ही दोघंच.

२० एप्रिल, दुपार
निघताना अनुश्रीने नरहरच्या शॉर्टकडे पाहिलं, मग माझ्या. आणि सायकलवर बसली.
तेलीबांध्याला, तलावासमोर, सपाट रस्त्यावर माझी शॉर्ट मागून फाटली. टर्रकन. सकाळी फिरायला आलेलं अर्धं रायपूर साक्षीला होतं. कमरेला गमछा गुंडाळला. अनुश्री म्हणाली, घर चलते हैं. मी म्हटलं, तुम्ही जा पुढे. वाटलं, ती नाही म्हणेल. थोडा वेळ थांबली. मग गेली.
मी आणि सायकल ऑटोने घरी.
आत्ता नरहर येऊन गेला. उन्हाने लाल, पण खूश. कमरेपाशी हात घालून कांदा काढला आणि टीपॉयवर ठेवला.
"पोट्टीनं काय खिसा शिवला राव. अंदरून, मऊ कापडाचा, बरोबर कांद्याच्या मापाचा. मी विचारलं तर म्हने, बाबांसाठी शिवला होता."
 त्याला चहा विचारायचा राहिला.

२८ एप्रिल
अनुश्री काल गेली. स्टेशनवर म्हणाली, संभलके रहना बाबा. शॉर्टचा विषय तिने काढला नाही, मीही नाही.
काल संध्याकाळीच नरहरकडून शॉर्ट मागून आणली. हव, घेऊन जा, म्हणाला. धुऊनच ठेवली होती.
आज घातली. कुठे घट्ट नाही, कुठे ढिली नाही. खिसा उजवीकडे आहे, हात सहज जातो. कांदा ठेवून पाहिला. मावतो.
लताने विचारलं, कुठं निघाले?
कुठे नाही म्हटलं. कूलरसमोर बसलो.